चिऊ-काऊची गोष्ट कोणाची?

आमच्या चितेगावच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर लहान मुलांचा वर्ग भरतो. मी काही शिक्षक नव्हे. आठवडाभर रजिस्टर आणि व्हाउचर यांत डोके घालणारा एक साधा कारकून. पण मुले जमतात, त्यांच्याजवळ कोणीतरी बसायला हवे, म्हणून मी बसतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस होता. पत्र्यावर असा आवाज की पाढे म्हटलेले ऐकू येईनात. मी म्हणालो, "चला, आज पाढे राहू द्या. कोणीतरी गोष्ट सांगा." पहिलीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने चिऊ-काऊची गोष्ट सुरू केली. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते. तो चिमणीचे दार वाजवतो. चिमणी म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. शेवटी दार उघडते, कावळ्याला गरम तव्यावर बसवते आणि त्याचे बूड भाजते. सगळी मुले खो खो हसली.

एक मुलगा मात्र हसला नाही. त्याने विचारले, "सर, कावळ्यानं पण मेणाचं घर का नाही बांधलं?"

मी उत्तर देण्याआधीच मागून दुसरा म्हणाला, "त्याच्याकडं पैसे नसतील."

वाचकहो, त्या मुलाचे घर पत्र्याचे आहे. पहिल्या पावसात ते गळते, हे मला माहीत आहे. तो विनोद करत नव्हता, आपले माहितीतले सांगत होता.

विषय बदलावा म्हणून मी विचारले, "बरं, ही गोष्ट लिहिली कोणी?" गोष्ट सांगणारी मुलगी चटकन म्हणाली, "माझ्या आजीनं!" पुन्हा हसू झाले. वर्ग सुटल्यावर आजी तिला न्यायला आली. तिला हे सांगितले, तर ती लाजून म्हणाली, "मी कशाची लिहिते बाबा? मला सहीबी येत न्हाई. माझ्या मायनं सांगितली, मी हिला सांगितली."

या उत्तराने मी अस्वस्थ झालो. ही गोष्ट लाखो मराठी घरांत रोज सांगितली जाते. तिचा कोणीच धनी नाही काय? त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकापाशी आणि एका आयाबाईपाशी येऊन पोहोचलो. तिची हकीकत आपल्या कुटुंबांतल्या माय-बहिणींनी वाचावी, म्हणून हा लेखप्रपंच.

लंडनमध्ये छापलेली चिमणी

सन १८६८ मध्ये लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने एक इंग्रजी पुस्तक छापले. नाव होते 'ओल्ड डेक्कन डेज', म्हणजे दख्खनचे जुने दिवस. त्यात आपल्या मुलखातल्या २४ गोष्टी आहेत. कव्हरवर नाव एम. फ्रिअर. ही मेरी फ्रिअर म्हणजे नुकतेच मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रिअर यांची थोरली मुलगी. प्रस्तावना लिहिली वडिलांनी, चित्रे काढली धाकट्या बहिणीने. सगळा घरचा कारभार!

पण गोष्टी घरच्या नव्हत्या. त्या सांगितल्या होत्या मेरीबाईंच्या आयेने. तिचे नाव अ‍ॅना लिबराटा डिसोझा.

गव्हर्नरसाहेब १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले. मोठा लवाजमा, तंबू, घोडी, नोकरचाकर. मेरीची आई तेव्हा विलायतेत होती. छावणीत दुसरी गोरी बाई नाही. वाचून, लिहून, चित्रे काढून ही विशीतली मुलगी कंटाळली आणि एके दिवशी आयेला म्हणाली, एखादी गोष्ट सांग. अ‍ॅनाने आधी नाहीच म्हटले. मला कुठली गोष्ट येणार! मेरी म्हणाली, तुला नातवंडे आहेत, त्यांना काही सांगत असशीलच की! तेव्हा कुठे अ‍ॅना बसली आणि तिने लहानपणी आजीकडून ऐकलेली पहिली गोष्ट सांगितली.

जमिनीवर मांडी घालून, कुठेतरी शून्यात नजर लावून ती आठवून आठवून सांगे. मध्येच कोणी आत आले की धागा तुटे. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिची आजी वारली तेव्हा ती ११ वर्षांची होती. त्यानंतर या गोष्टी तिने ऐकल्याच नव्हत्या. इतकी वर्षे त्या तिच्या मनात तशाच पडून राहिल्या होत्या. मेरी टिपणे घेई, मग गोष्ट लिहून काढी आणि अ‍ॅनाला वाचून दाखवी. सगळे बरोबर आहे ना, हे विचारून मगच पुढे जाई.

या २४ गोष्टींत एक गोष्ट आहे, तिचे नाव 'स्वार्थी चिमणी आणि बेघर कावळे'. होय, तीच आपली चिऊ-काऊ!

तीच गोष्ट, पण उलटी

अ‍ॅनाच्या गोष्टीत शेण नाही आणि मेणही नाही. चिमणीने लोकर आणि काड्या लावून छान ऊबदार घर बांधले आहे. कावळ्याचे घर निवडुंगाच्या कुंपणावर चार काटक्या टाकून केलेले. मोठा पाऊस येतो आणि कावळ्यांचे घर वाहून जाते. कावळा-कावळी चिमणीच्या दाराशी येतात. वारा सुटला आहे, पाऊस झोडपतो आहे, निवडुंगाचे काटे डोळ्यांत जातात, दया कर आणि आत घे, असे विनवतात. चिमणी म्हणते, मी स्वयंपाक करते आहे, मग या. पुन्हा येतात, तर म्हणते, मी जेवते आहे, मग या. मग भांडी, मग झाडलोट, मग अंथरूण, मग मुलांना झोपवणे. एकेक निमित्त काढून ती त्यांना पावसातच ठेवते. सगळे आटोपले, उद्याचे जेवण झाकून ठेवले, स्वतः अंथरुणावर पडली आणि मग म्हणाली, या आता.

कावळे आत येतात. रात्री एकमेकांना म्हणतात, हिला आपली दया आली नाही, आपल्याला घासभर अन्न दिले नाही. मग चिमणीने उद्यासाठी ठेवलेले जेवण घेऊन ते उडून जातात. गोष्ट संपते.

पाहा बरे! बांधणी तीच, थांब-थांब तेच. पण आपल्याकडे मूल चिमणीच्या बाजूने ऐकते आणि काळ्या कावळ्याचे बूड भाजले की टाळ्या पिटते. घर शेणाचे, म्हणजे कावळा गबाळा, आळशी. त्याचे त्यालाच भोवले! अ‍ॅनाच्या गोष्टीत आपण दाराबाहेर उभे राहून ऐकतो. डोळ्यांत काटे जाणाऱ्यांच्या शेजारी भिजत उभे राहतो. आतल्या ऊबदार घरातून येणारा 'थांब' हा शब्द बाहेरून कसा ऐकू येतो, हे ती गोष्ट सांगते.

'थांब, अजून वेळ आली नाही,' हे दाराबाहेर उभे राहून आपल्या वाडवडिलांनी किती ऐकले, ते मी या साप्ताहिकाच्या वाचकांना काय सांगावे?

ही अ‍ॅना होती कोण?

मेरी फ्रिअरने एक गोष्ट मात्र चांगली केली. गोष्टींच्या आधी तिने अ‍ॅनाची स्वतःची हकीकत, अ‍ॅनाच्याच बोलण्याप्रमाणे, तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीसह छापली. मला विचाराल, तर पुस्तकातली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे.

अ‍ॅनाचे घराणे मूळचे कालिकतकडचे, लिंगायत. पुढे ते गोव्याजवळ येऊन राहिले आणि आजोबांनी बायकामुलांसह ख्रिस्ती धर्म घेतला. त्यांच्या वडिलांनी रागाने सगळ्यांना घराबाहेर काढले. आजोबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार झाले. टिपू सुलतानाशी लढाया झाल्या तेव्हा आजी पलटणीमागून चालत राहिली. उंच, धिप्पाड, कष्टाळू बाई. अ‍ॅनाचे वडील लष्कराचे तंबू उभारण्याच्या कामावर होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांशी खडकीची लढाई झाली, तेव्हा घरच्या बायका जवळच्या रानात लपल्या होत्या. नदीतून सामान, गाठोडी, घोडी वाहत होती. वडिलांनी एक मोठे भांडे आणि दोन तट्टे पकडून आणली, पण छावणीत पोहोचताच पहारेकऱ्यांनी ती काढून घेतली. गरिबाच्या हाती लागले ते एवढेच! या लढाईनंतर दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमा कोरेगावची लढाई झाली. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या आणि अ‍ॅनाच्या पूर्वजांच्या वाटा एकमेकींजवळूनच गेल्या होत्या.

पुढे वडिलांना खडकीच्या कोठारावर काम मिळाले. घरात सात भाऊ, दोन बहिणी. वडील दिवसभर कामावर. आई मजुरीला जाई आणि वडिलांची भाकरीही पोहोचवी. आजीच्या अंगात बळ होते तोवर तीही बाजारात दुकानदारांचे दळण दळून मजुरी आणि कोंडा-भुसा आणी. म्हातारी झाली, तेव्हा नऊ पोरांना सांभाळायला घरी राहिली. पोरे उन्हात धुळीत खेळायला पळत. मग आजी हाक मारी, आत या रे, डोकी दुखतील, गोष्ट सांगते! एकच गोष्ट ती इतकी लांबवी, पात्रांना आपापली हकीकत पहिल्यापासून इतक्यांदा सांगायला लावी, की ऐकता ऐकता सगळी पोरे झोपी जात.

म्हणजे या गोष्टी जन्मल्या त्या कशातून? आई मजुरीला गेलेली आणि नऊ पोरे उन्हात! राजवाड्यात नव्हे, कष्टकऱ्याच्या खोपटात. आज आमच्या चितेगावात आई कामाला जाते आणि आजी नातवंडांपुढे बसते, तेव्हा वेगळे काय घडते?

पुढे अ‍ॅनाचे लग्न झाले. वयाच्या विसाव्या वर्षी नवरा तापाने गेला. पदरात एक मुलगा आणि रोझी नावाची मुलगी. सासू म्हणाली, दोन लेकरे घेऊन, काही येत नसताना, तू नोकरी कशी करणार? अ‍ॅना म्हणाली, शिकेन, पण जाईन. इंग्रजीचा शब्द येत नव्हता, सुई धरता येत नव्हती. पण घरची कालिकतकडची बोली, पोर्तुगीज, हिंदुस्थानी आणि मराठी अशा चार भाषा ती बोलत होती! अशा बाईला अडाणी म्हणायचे आपण. मालकिणीचे काम करताना ती दोन्ही लेकरे त्याच खोलीत जमिनीवर बसवी, डोळ्यांआड होऊ देत नसे. रोझीला मालकिणीने वाचायला शिकवले. पण पुढे तिचा एकुलता एक मुलगा पुण्यात नदीत बुडून गेला. हे दुःख तिने जन्मभर बाळगले.

अ‍ॅनाचा पुतळा उभारण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिच्या बोलण्यात एक खोचही आहे. पूर्वी फौजेत उंच जातीचे लोक असत, आतासारखे हलक्या जातीचे नव्हेत, असे ती अभिमानाने सांगते. धर्म बदलला, हाल सोसले, तरी जातीचा ताठा मनातून गेला नाही. तोही वाचला पाहिजे. कष्टकरी माणूसदेखील दुसऱ्याला पावसात उभे करू शकतो, हे त्यातून कळते.

गळणारे छप्पर, वाट पाहणारी आई

अ‍ॅनाच्या इतर गोष्टींतही कष्टकऱ्याचे घर दिसते. एका गोष्टीत पावसाळी रात्री म्हातारीची झोपडी गळते. ती सामान इकडून तिकडे हलवते आणि कुरकुरते, वाघ-सिंह परवडला, पण ही टिपटिप नको! भिंतीआड बसलेला वाघ ऐकतो आणि गर्भगळीत होतो. टिपटिप म्हणजे आपल्याहून भयंकर जनावर असणार! तेवढ्यात आपले हरवलेले गाढव शोधणारा कुंभार अंधारात त्या वाघालाच बदडून घरी नेऊन बांधतो. ज्याचे छप्पर गळते त्यालाच अशी गोष्ट सुचते.

दुसऱ्या गोष्टीत सूर्य, वारा आणि चंद्र जेवायला जातात. आई घरी एकटी वाट पाहते. सूर्य आणि वारा पोटभर खाऊन रिकाम्या हाताने येतात. चंद्र मात्र प्रत्येक पदार्थातले थोडे आईसाठी आणतो. म्हणून तो शीतल आणि सर्वांचा लाडका झाला. कंपनीतल्या जेवणातला लाडू रुमालात बांधून घरी आणणारा बाप माझ्या पाहण्यात आहे. त्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको.

या गोष्टी पुढे जगभर गेल्या. युरोपातल्या भाषांत त्यांची भाषांतरे झाली. जोसेफ जेकब्ज या विद्वानाने १८९२ मध्ये भारतीय परीकथांचा प्रसिद्ध संग्रह काढला, त्यात अ‍ॅनाने सांगितलेल्या काही गोष्टी आहेत. असे आपल्याकडेच झाले असेही नाही. जर्मनीत ग्रिम बंधूंचे नाव मोठे, पण त्यांना कितीतरी गोष्टी सांगितल्या त्या डोरोथिया फीमान या शिंप्याच्या गरीब बायकोने. बदकाच्या कुरूप पिल्लाची गोष्ट लिहिणारा डेन्मार्कचा अँडरसन हा चांभाराचा मुलगा, त्याची आई लोकांची धुणी धूत असे. त्याला लिहिता-वाचता येत होते, म्हणून त्याची गोष्ट त्याच्या नावाने राहिली. डोरोथियाची ग्रिमच्या नावाने गेली. आणि अ‍ॅनाची फ्रिअरच्या.

नाव कोणाचे?

लिहिणाऱ्याचे कष्ट मी नाकारत नाही. मेरी फ्रिअरने लिहिले नसते, तर अ‍ॅनाचे नाव आपल्यापर्यंत आलेच नसते. अ‍ॅनाने तरी गोष्टी रचल्या काय? तिने आजीकडून घेतल्या. आजीने आणखी कोणाकडून. अशा गोष्टीला एकच लेखक नसतो. पण हिशेबनीस म्हणून मला एक कळते. वहीत ज्याचे नाव नसते, त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही.

अ‍ॅना म्हणते, आमच्या लहानपणी शाळा नव्हत्या, लिहिणे-वाचणे फक्त मोठ्या लोकांना येई. आणि पुढे असेही म्हणते, या लिहिण्या-वाचण्याचा उपयोग काय, ते मला कळत नाही. माझ्या बापाला, आजोबाला लिहिता येत नव्हते, त्यांचे काय अडले? जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा खडकीची ही पोर शाळेच्या वयाची राहिली नव्हती. तिला मला आज सांगावेसे वाटते, अ‍ॅनाबाई, तुमचे इथेच अडले! तुम्हाला लिहिता आले असते, तर कव्हरवर तुमचे नाव असते. शिका, हा शब्द बाबासाहेबांनी पहिला का ठेवला, याचे हे दीडशे वर्षांपूर्वीचे उदाहरण.

अलीकडे मात्र अभ्यासकांनी अ‍ॅनाची दखल घेतली आहे. मुंबईत वाढलेल्या अभ्यासक किरिन नारायण यांनी २००२ मध्ये या पुस्तकाची नवी आवृत्ती संपादित केली. लीला प्रसाद यांनी २०२० च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात अ‍ॅनावर सविस्तर लिहिले. उशिरा का होईना, कोणीतरी कव्हर उलटून आत पाहिले.

आता आपण काय करायचे?

हे सगळे वाचल्यावर पुढच्या रविवारी मी मुलांना अ‍ॅनाची चिऊ-काऊ सांगितली. शेवटी विचारले, "आता सांगा, कावळ्यांनी जेवण नेले ते बरोबर केले की चूक?" वर्गात भांडणच झाले. कोणी म्हणे चोरी ती चोरीच. कोणी म्हणे, मग पावसात का ठेवलं? पहिलीतली ती मुलगी म्हणाली, "चिमणीनं पहिल्यांदाच दार उघडलं असतं, तर समदेच जेवले असते." मला यापुढे काही बोलायचे राहिले नाही.

मग आम्ही एक दोनशे पानी वही आणली. मुलांनी घरी जाऊन आजीची, आईची, मावशीची एकेक गोष्ट लिहून आणायची. लिहिता येत नसेल, तर मोबाईलमध्ये आवाज भरून आणायचा, मोठी मुले लिहून काढतील. अट एकच. गोष्टीच्या आधी, पानाच्या माथ्यावर, सांगणारीचे पूर्ण नाव, तिचे माहेरचे गाव आणि तिने आयुष्यभर कोणते काम केले ते लिहायचे. खाली, बारीक अक्षरात, लिहिणाऱ्याचे.

पहिल्या पानावर त्याच आजीचे नाव आहे. नातीने ते लिहिले आणि तिला वाचून दाखवले. म्हातारीने पानावर बोट ठेवून विचारले, "ह्यातलं माझं नाव कंचं?" नातीने बोट धरून अक्षरांवरून फिरवले. दर रविवारी ती आता वर्ग सुटायच्या थोडी आधी येते आणि मागे बसून पाटीवर तीच अक्षरे गिरवते.

वाचक माय-बापहो, एक वही आपल्याही घरात ठेवा. आजी आहे तोवर.